वन्संना दाढ आली

माझ्या नवऱ्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आमचं काम चालतं. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांची मापं पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतून साचे काढते, हे साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवतात आणि तिच्यात एकेक दात बसवतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा फळ्यांवर मांडलेले उघडे जबडे पाहून मला धस्स झालं होतं. आता त्यांच्यात बसून मी चहा पिते.

वरच्या मजल्यावर माझी नणंद राहते, ह्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मी त्यांना वन्सं म्हणते, हे ताई म्हणतात, आणि त्या ह्यांना बाळ म्हणतात. बाळाने आता साठी गाठली आहे. वन्संचे यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नाही. कोपऱ्यावर त्यांचं बटणांचं दुकान आहे. भिंतभर छोटे छोटे खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एकेक नमुना. तुटलेल्या बटणाचं गिऱ्हाईक आलं की आधी त्याला दोऱ्याला गाठ कशी मारायची यावर चार शब्द ऐकावे लागतात, मग बटण मिळतं. संध्याकाळी दुकान बंद करून त्या आमच्याकडे जेवतात.

वन्संचे दात साठीनंतर एकामागून एक हलायला लागले आणि पासष्टीला तोंड रिकामं झालं. तेव्हा ह्यांनी जीव ओतून त्यांची कवळी केली. वरचा डावा सुळा मुद्दाम जरा कलता बसवला, कारण ताईचा तो दात तसाच होता. वन्संनी आरशात पाहिलं.

"हा वाकडा लागलाय."

"तो तसाच होता, ताई."

"होता म्हणून पुन्हा करायचा का?"

पण सरळ करून दे, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पुढची काही वर्षं त्या कवळीनं त्यांनी सगळं खाल्लं. गाजरं, बदाम, भाजलेला पाव, आणि अधूनमधून आमचं डोकं.

मग एके दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या खाली आल्या. रुमालात गुंडाळलेली खालची कवळी ह्यांच्या टेबलावर ठेवली.

"तुझी कवळी चावते."

"ती चावायचीच असते."

"मला चावते."

ह्यांनी त्यांना खिडकीपाशी बसवून तोंडात पाहिलं. उजवीकडे अगदी शेवटी हिरडी लाल झाली होती. कवळीच्या आत पांढरी पेस्ट लावून ती तोंडात बसवली आणि काढली. जिथं दाब पडतो तिथली पेस्ट पुसली जाते, आणि नेमकं तिथं घासायचं असतं. ह्यांनी घासलं. वन्सं म्हणाल्या, बरं वाटतंय. चार-पाच दिवसांनी रुमाल पुन्हा टेबलावर.

असं चालू राहिलं. पेस्ट दर वेळी त्याच जागी पुसली जायची. हे दर वेळी तिथंच घासायचे. शेवटी तो कोपरा एवढा झिजला की उजेडाकडे धरला तर आरपार दिसायला लागलं.

"तिथं घासायला काही उरलंच नाही," हे मला म्हणाले. "कागद झालाय नुसता. कागद टोचतो का कोणाला?"

"त्यांना टोचतोय."

"ती उजव्या बाजूनंच चावत असणार."

हे त्यांनी वन्संनाही विचारलं. वन्सं म्हणाल्या की जन्मभर त्या उजव्या बाजूनंच चावत आल्यात आणि आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. रात्री काढून ठेवतेस ना, असंही ह्यांनी विचारलं. त्यावर वन्सं म्हणाल्या, नाही, दुकानाच्या काचेत मांडते. तिथून पुढे दोघांचं बोलणं माझ्यामार्फत होऊ लागलं.

"अगं, त्याला सांग मीठ इकडे सरकव."

"तिला म्हणावं, मीठ तिच्या पुढ्यातच आहे."

एका संध्याकाळी वन्संनी जेवायला बसताना खालची कवळी काढली आणि ताटाशेजारी ठेवली, दात ह्यांच्या दिशेनं. मग उकडलेला बटाटा चमच्यानं चेचून खायला लागल्या. आमच्या घरात कवळ्यांची कोणाला किळस नाही, पण आपलंच काम जेवणभर आपल्याकडे बघत बसलंय हे ह्यांना सोसेना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खुर्ची जरा डावीकडे घेतली. तिसऱ्या दिवशी कवळीही डावीकडे सरकली होती. वन्संनी ह्यांच्यावर दात धरला होता, आणि तोही ह्यांनीच बनवलेला.

नदीच्या पुलापलीकडे आणखी एकाचं कवळ्यांचं काम आहे. माणूस चाळिशीतला, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. शिकून झाल्यावर त्यानं वेगळं दुकान मांडलं आणि जाताना आमचे दोन डॉक्टरही घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या घरात त्याला नाव नाही. तो पुलापलीकडचा.

एका संध्याकाळी सूप होतं. वन्सं जेवायला आल्या, बसल्या, मला "दमलीस का" म्हणून हसल्या. पहिल्याच घोटाला ह्यांचा चमचा हवेत थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि पावाची टोपली वन्संच्या पुढे केली. वन्संनी पावाचा कडक कोपरा उचलला आणि चावून खाल्ला, लागतो त्याहून जरा जास्त आवाज करत.

नंतर ताटं पुसताना हे मला म्हणाले, "पुलापलीकडचे दात आहेत."

"कशावरून?"

"सगळे सारख्या उंचीचे. तो सगळ्या गावाला एकच तोंड लावतो." त्यांचं ताट पुसून झालं होतं, तरी ते पुसत राहिले. "सुळा सरळ आहे."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर किती तरी दिवस ते नुसते काम करत राहिले. रेडिओसुद्धा लावला नाही.

मग एका दुपारी मी दोरा आणायला वन्संच्या दुकानात गेले. त्या काउंटरमागे गालाला हात लावून बसल्या होत्या आणि नवी कवळी पिशव्यांच्या गठ्ठ्यावर पडली होती.

"ही पण चावते," त्या म्हणाल्या. "आणि हे तू त्याला सांगायचं नाहीस."

मी नाही सांगणार म्हटलं आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आत सांगितलं. हे म्हणाले, "अरेरे." अगदी मनापासून म्हणाले. मग कामाच्या खोलीत गेले, आणि थोड्या वेळानं तिथून शिट्टी ऐकू आली. ह्यांना शिट्टी वाजवता येते हे मला माहीत नव्हतं.

त्यांची शिट्टी फार दिवस टिकली नाही. पुढच्याच आठवड्यात वन्संचा उजवा गाल सुजला. त्या गळपट्टा गुंडाळून दुकानात गेल्या. गिऱ्हाइकांना वाटलं घसा बसलाय, म्हणून लोक मुकाट्यानं बटणं घेऊन, सूचना न ऐकता घरी गेले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तोंडाला घाण चव यायला लागली, तोंड पुरतं उघडेना. मी हट्टानं त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ही डॉक्टर आमच्याकडे काम पाठवते. वयानं तरुण, पण हात शांत आहे.

"आजी, आ करा."

"मी कोणाची आजी नाही," वन्सं म्हणाल्या, आणि जमेल तेवढा आ केला.

डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं, बोटानं दाबलं. वन्संनी खुर्चीचा हात असा धरला की खुर्ची करकरली. डॉक्टर म्हणाली, हिरडीतून काहीतरी पांढरं टोक दिसतंय, सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढू. शेजारच्या खोलीत डोक्याभोवती फिरणारं एक यंत्र होतं. तिथल्या माणसानं वन्संची हनुवटी टेकवली आणि एक छोटी दांडी पुढे केली.

"ही दातांत धरा."

"कोणत्या?" वन्संनी विचारलं.

त्यानं दांडी परत घेतली.

मग आम्ही तिघी पडद्यासमोर बसलो. वन्संचा जबडा लांबलचक पसरला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. आणि उजव्या टोकाला, हाडात, एक अख्खी दाढ मुळांसकट आडवी झोपली होती. फक्त डोक्याचा एक कोपरा बाहेर काढला होता.

"तुम्हाला दाढ येतेय," डॉक्टर म्हणाली.

"माझ्या तोंडात एकही दात नाही."

"हा होता. आत होता. अक्कलदाढ आहे."

वन्संचं एक आवडतं वाक्य होतं, मी ते पाहुण्यांसमोर अनेकदा ऐकलेलं: मला अक्कलदाढा आल्याच नाहीत, गरजच पडली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले.

"एकाहत्तराव्या वर्षी?" त्या म्हणाल्या.

"असं होतं कधी कधी. जागा नसली की दाढ हाडातच अडकून पडते, त्रास देत नाही, कोणाला पत्ताही लागत नाही. पुढे दात गेले की हाड झिजत जातं. वर कवळी दाबत असते. मग झाकलेलं उघडं पडतं आणि तिथं जंतू शिरतात."

"म्हणजे कवळी चांगली होती."

"कवळीचा काही दोष नाही. दोन्ही कवळ्यांचा नाही."

डॉक्टरनं आधी सूज उतरायच्या गोळ्या दिल्या आणि जबड्याच्या सर्जनकडे जायला सांगितलं. बाहेर पडल्यावर वन्संनी गळपट्टा नीट केला.

"हे बाळला कळता कामा नये."

"वन्सं, काढायची म्हणाले तर ऑपरेशन होईल. कळणारच."

"ऑपरेशन कळू दे. दाढ नको."

"मग ऑपरेशन कशाचं सांगू?"

त्या थोडा वेळ चालल्या. "सांग काहीतरी बायकांचं."

"जबड्यात?"

घर येईपर्यंत त्या माझ्यावरच रागावलेल्या होत्या.

मला सांगावं लागलंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा हे कामाच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. डॉक्टरनं दुसऱ्या एका कवळीसाठी फोन केला होता आणि बोलता बोलता ताईंच्या दाढेचं सांगून टाकलं होतं. तिला वाटलं, घरात माहीत असेलच. वन्सं सरळ जिना चढून वर गेल्या. हे मला म्हणाले, "इकडे ये."

त्यांच्या हातात ताईचा जुना साचा होता. हे साचे टाकत नाहीत. त्यांनी माझं बोट धरलं आणि प्लास्टरवर उजवीकडे शेवटी टेकवलं. तिथं मसुराच्या डाळीएवढा उंचवटा होता.

"लागला?"

"लागला."

"मलाही लागला होता. माप घेतलं तेव्हाच. मी हाड समजलो." त्यांनी साचा उलटा करून टेबलावर ठेवला. "तिच्या दातावर कवळी घासत बसलो मी इतके महिने. आणि वर तिलाच विचारलं, कशी चावतेस म्हणून."

मी म्हटलं, एक्स-रेशिवाय कोणाला कळणार होतं. ते म्हणाले, तेच, एक्स-रे मागायला काय झालं होतं. मग ते त्या दिवशी जेवायला बसले, पण जेवले नाहीत.

सर्जन अवाढव्य माणूस होता आणि फार हळू बोलायचा. त्यानं काही लपवलं नाही. विशीत ही दाढ निघते तशी सत्तरीत निघत नाही, म्हणाला. हाड कडक झालेलं असतं, दाढ त्याला चिकटलेली असते. वन्संचा जबडा त्या जागी बारीक झाला होता, त्यामुळे काढताना तडकण्याची भीती होती. शिवाय दाढेच्या मुळाखालून ओठाची शीर जाते. ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल, काही महिने किंवा कायमची. नाही काढली तर गोळ्यांनी आत्ता सूज उतरेल, पण पुन्हा येईल, आणि दर वेळी जास्त येईल. वयही पुढे जाईल.

"तुमची आई असती तर तुम्ही काय केलं असतं?" वन्संनी विचारलं.

"माझ्या आईची मी काढली," सर्जन म्हणाला. "ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण जेवते व्यवस्थित."

वन्सं विचार करते म्हणाल्या. सूज उतरली आणि त्यांनी दुकान उघडलं. विचाराचं नाव काढलं की त्या खणांची धूळ पुसायला लागायच्या. दोन्ही कवळ्या बंद होत्या, त्यामुळे बोलणं फसफस व्हायचं आणि गिऱ्हाईकासमोर त्या तोंडावर हात धरायच्या. एका बाईंनी "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं, तेव्हा वन्संनी तिला बटण फुकट दिलं आणि दार लोटून घेतलं. हे मी स्वतः पाहिलं. त्यांनी कोणाला काही फुकट देणं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

त्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या नाहीत. मी सूप वर घेऊन निघाले तर हे म्हणाले, मी येतो. ह्यांचे गुडघे दुखतात, ते सहसा जिना चढत नाहीत. वन्सं खिडकीत बसल्या होत्या. ह्यांनी पलीकडची खुर्ची घेतली. मी सूप ठेवून निघणार होते, पण वन्सं म्हणाल्या, "तू थांब. नाहीतर बोलायचं कसं आम्ही?"

मी पलंगाच्या कडेवर बसले. पण त्या दोघांना त्या दिवशी माझी गरज लागली नाही.

"मी पुलापलीकडे गेले होते," वन्सं म्हणाल्या.

"दिसलं मला."

"कधी?"

"सूप होतं त्या दिवशी. पहिल्या घोटाला."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ती पण काढून माझ्यासमोर ठेवली असतीस."

वन्संनी ते नाकारलं नाही. त्यांनी सूप ढवळलं. हे आपल्या हातांकडे पाहत म्हणाले, "ताई, मला तो उंचवटा हाताला लागला होता. मला कळायला हवं होतं."

"मला माझ्या तोंडात असून कळलं नाही. तुला कुठून कळणार?"

"माझा धंदा आहे."

"माझं तोंड आहे." त्या थांबल्या. "काढू का?"

मी इतक्या वर्षांत वन्संना ह्यांचं मत विचारताना पाहिलं नव्हतं. ह्यांनीही बहुतेक पाहिलं नसावं, कारण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"मला भीती वाटते," शेवटी म्हणाले. "तडकलेल्या जबड्यांची मापं येतात माझ्याकडे. तारा घालून, तोंड बांधून ठेवतात माणसाला."

"कितीजणांची आली?"

"दोघांची."

"इतक्या वर्षांत?"

"हो."

"मग काढते," वन्सं म्हणाल्या. "सूप गार झालं तुझ्या बोलण्यात."

दाढ काढायला अख्खी दुपार लागली. फक्त तेवढी जागा बधिर केली होती, वन्सं जाग्या होत्या. बाहेर हे भिंतीवरचं एक चित्र वाचत बसले: दात घासण्याची योग्य पद्धत. मी पाहिलं तेव्हा तेच वाचत होते, आणि खालून कॉफी घेऊन आले तेव्हाही तेच. आतून मधूनच यंत्राचा बारीक आवाज यायचा. त्या आवाजाशी ह्यांचं रोजचं काम आहे, पण त्या दिवशी तो सुरू झाला की ते माझी पर्स घट्ट धरायचे.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. जबडा शाबूत होता. दाढ तुकड्या-तुकड्यांनीच निघाली. शीर अगदी खेटून होती, ओठाचं काय होतं ते बघू, म्हणाला. मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. "तुमच्या ताई भारी आहेत. मी मध्ये विचारलं, दुखतंय का, तर हातानं खूण केली की तुमचं काम करा."

झाकणाच्या डबीत त्यानं दाढेचे तुकडे दिले. घरी आल्यावर ह्यांनी ते दिव्याखाली घेतले आणि भिंगातून पाहिले. वरचा भाग जवळजवळ अख्खा होता.

"उत्तम दाढ आहे," ते म्हणाले. "एकदाही वापरलेली नाही."

वन्संच्या तोंडात कापूस होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी दार वाजलं. दारात पुलापलीकडचा उभा, हातात सफरचंदांची पिशवी. त्याला कुठून तरी कळलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "ये." तो कामाच्या खोलीत आला, जुन्या सवयीनं आपल्या जुन्या स्टुलावर बसायला गेला, मग उभाच राहिला.

"सर, मी चार वेळा घासली."

"मी मोजलं नाही."

"ताई आल्या तेव्हा मी म्हटलं होतं, सरांकडेच जा. त्या म्हणाल्या, कवळी कर आणि त्याला सांगू नकोस. तुम्ही त्यांना कधी नाही म्हणू शकलात का सर?"

"नाही," हे म्हणाले.

त्यानं पिशवीतून, सफरचंदांच्या खालून, एक साचा काढला. हे उठले आणि फळीवरचा आपला साचा घेऊन आले. दोघांनी ते शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर तोच उंचवटा, त्याच्या साच्यावर थोडा मोठा. दोघंही वाकून बराच वेळ पाहत होते.

"मी हाड समजलो," तो म्हणाला.

"बस," हे म्हणाले. "चहा घेऊन जा. आणि सफरचंदं तूच ने परत, इथं चावणारं कोणी नाही."

ह्यांनी त्याच्या कामाबद्दल त्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: सगळ्यांना एका उंचीचे दात लावू नकोस. तो म्हणाला, लोक तसेच मागतात सर. यावर त्यांचा अर्धा तास वाद झाला. दार बंद होतं, शब्द कळले नाहीत, पण वाद चांगला चालला असावा, कारण दोघांचे आवाज मध्येच एकदम यायचे. नंतर ह्यांनी रेडिओ लावला.

जखम भरत आली. ओठाचं मात्र सर्जननं सांगितलं होतं तेच झालं. खालच्या ओठाचा उजवा भाग आणि खाली हनुवटी, सगळं बधिर. वन्संना वाटायचं तिथं कोणी दुसऱ्याचं मांस चिकटवलंय. चहा ओघळायचा आणि पत्ता लागायचा नाही. त्या सारख्या रुमालानं पुसायच्या, कोरडं असलं तरी. एकदा मला म्हणाल्या, "माणसानं मरावं तर सगळं एकदम मरावं. हे काय, अर्धा ओठ." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

सर्जन म्हणाला होता, शीर तुटलेली नाही, दुखावलेली आहे, हळूहळू शुद्धीवर येईल, पाहत राहा. पाहायचं म्हणजे काय, ते ह्यांनी त्याला फोन करून विचारलं. मग रोज संध्याकाळी जेवणाआधी ते दोन चमचे घ्यायचे, एक बर्फाच्या पाण्यात बुडवलेला आणि एक कोमट पाण्यात. वन्संनी डोळे मिटायचे. हे एकेक चमचा हनुवटीला लावायचे आणि विचारायचे, गार का गरम.

पहिल्या आठवड्यात वन्संची सगळी उत्तरं बरोबर आली. हे हरखले. मग माझ्या लक्षात आलं की त्या पापण्या किलकिल्या करून कुठल्या भांड्यातून चमचा निघतो ते बघतायत, आणि मी ह्यांना सांगितलं.

"ताई, हे तू कोणासाठी करतेस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

ह्यांनी त्यांच्या डोळ्यांना रुमाल बांधला. त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे वन्सं एकच उत्तर द्यायच्या: माहीत नाही. हे म्हणायचे, ठीक आहे. आणि चमचे धुवून ठेवायचे. कधी कधी वन्सं "आज राहू दे" म्हणायच्या, तेव्हाही हे भांडी घेऊन समोर उभे राहायचे, आणि मग त्या रुमाल स्वतःच बांधून घ्यायच्या.

एके दिवशी गालाजवळच्या कडेला चमचा लागला आणि त्या म्हणाल्या, "मुंग्या आल्या." हे धावत जाऊन साच्यांवर खुणा करायची जांभळी पेन्सिल घेऊन आले. चमचा बोटभर, बोटभर सरकवत, जिथं कळत होतं आणि जिथं कळत नव्हतं त्याची हद्द त्यांनी वन्संच्या हनुवटीवर आखली. नकाशा झाला एक. दर रविवारी पुसून नवा आखायचा, असं ठरलं. पेन्सिल ओली झाली की पक्की बसते, त्यामुळे जुनी हद्दही फिकट दिसत राहायची. वन्सं तसंच दुकानात जायच्या. हनुवटीवर जांभळ्या रेघा घेऊन त्या गिऱ्हाइकांना दोऱ्याला गाठ मारायला शिकवायच्या आणि कोणाची विचारायची छाती व्हायची नाही.

हद्द आत सरकत गेली. आधी हनुवटी सुटली, मग ओठाचा कोपरा. मधल्या काळात हिरडी पूर्ण भरली, ह्यांनी नवं माप घेतलं. त्याआधी पुन्हा एक्स-रे काढायला लावला, डावीकडचाही नीट पाहिला, काही नव्हतं. हल्ली ते प्रत्येक डॉक्टरकडे कवळीआधी एक्स-रे मागतात. काही डॉक्टर वैतागतात. वैतागू देत, म्हणतात.

नवी कवळी वन्संनी बसवून घेतली, चावून पाहिली, आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ह्यांनाच राहवेना.

"टोचते का?"

"टोचली असती तर बोलले नसते का?"

ओठाखाली बोटाच्या पेराएवढी जागा अजून बधिरच आहे. महिना झाला, तिथली रेघ हलली नाही. परवाच्या रविवारी ह्यांनी चमचे आणले तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आता पुरे. तेवढं राहू दे."

"अजून येईल, ताई. सर्जन म्हणाला वर्ष लागतं कधी कधी."

"आलं तर कळेलच मला. माझा ओठ आहे."

हे भांडी घेऊन क्षणभर उभे राहिले. मग कोमट भांडं त्यांनी मोरीत ओतलं, आणि बर्फाच्या पाण्याचं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, हे फेकू नकोस, उन्हाळा आहे, सरबत कर. मी केलं. तिघंही प्यायलो. वन्संच्या ओठावरून एक थेंब ओघळला आणि ह्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं. वन्संनी तो पुसला आणि पुलापलीकडच्याची चौकशी केली.